‘हितसंबंधित व्यक्ती’ : हेपटायटिस सी आणि सुईचा इतिहास

माझे वडील एका खाजगी डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. आमचा परतूर तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना वेगळा जिल्हा झाला, तेव्हा तो इकडे आला. दवाखान्यात रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर स्टीलचा डबा आणि डब्यात उकळत्या पाण्यात काचेच्या सिरिंजा व सुया, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढे आजही आहे. सुया बोथट झाल्या की वडील त्यांना दगडावर धार लावत. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून माणसे येत. ताप असो, अशक्तपणा असो की कंबरदुखी, त्यांचे मागणे एकच : “सुई द्या.” ज्याने सुई दिली नाही तो डॉक्टर कसला! गर्दी वाढली की डबा उकळायला वेळ मिळत नसे. मग सुई स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पुढच्याच्या दंडात जाई. यात काही चुकते आहे असे वडिलांना वाटत नव्हते. रांगेतल्या कोणालाही वाटत नव्हते.

दुसरी सुई मी पाहिली ती बऱ्याच वर्षांनी. माझा एक शाळासोबती जालन्याच्या रोलिंग मिलमधून सळई भरून मुंबईकडे जाणाऱ्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. पुढे तो मुंबईतच राहिला, गर्दच्या नादी लागला आणि मग इंजेक्शनवर गेला. गावी परतला तेव्हा त्याच्या हातांवरच्या शिरा काळ्या पडल्या होत्या. २००७ मध्ये तपासणीत त्याला हेपटायटिस सी निघाला. यकृत अजून हाताबाहेर गेले नव्हते. औषध होते, पण सहा महिन्यांच्या उपचाराचा खर्च चार लाखांच्या पुढे सांगितला गेला. घरची तीन एकर कोरडवाहू जमीन होती. त्याच्या भावाने मला विचारले, “मास्तर, गर्दुल्ल्यासाठी जमीन विकायची का?” मी इतिहासाचा शिक्षक. मी काहीच उत्तर दिले नाही. २०११ मध्ये तो गेला. गावात सांगितले गेले ते एवढेच, की कावीळ उलटली.

ते उत्तर न देणे माझ्या मनातून गेले नाही. म्हणून मी या रोगाचा, त्या सुईचा आणि त्या चार लाखांचा इतिहास शोधू लागलो. आणि त्या इतिहासाच्या ऐन मध्यावर मला मुंबईतले गर्दुल्लेच भेटले. या वेळी मात्र अर्जदाराच्या जागी.

अफूपासून गर्दपर्यंत

‘गर्द’ हा शब्द मराठीत नवा आहे, पण अंमली पदार्थ नवे नाहीत. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि शहराच्या वैभवात त्या व्यापाराचा मोठा वाटा होता. सर जमशेदजी जिजीभॉय यांच्या संपत्तीचा एक स्रोत तोच. देशात अफू अबकारी परवान्याच्या दुकानांत उघड विकली जाई. कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना निजवण्यासाठी अफूची ‘बाळागोळी’ देत. गिरणगावातल्या या प्रथेवर १९२०च्या दशकात बरीच चर्चा झाली. अफू खाणारा म्हातारा गावात असे, त्याला ‘अफीमबाज’ म्हणत, हसत. पण त्याला गावाबाहेर काढत नसत.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४९च्या अखिल भारतीय अफू परिषदेत दहा वर्षांत औषधाव्यतिरिक्त अफूचा वापर संपवायचा असे ठरले. १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली आणि त्याची मुदत भरत आली तेव्हा, नोव्हेंबर १९८५ मध्ये, एनडीपीएस कायदा लागू झाला. याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षाअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि तिकडच्या हेरॉइनच्या वाटा भारताकडे वळल्या. मुंबईत ‘ब्राउन शुगर’ नावाची कमअस्सल, तपकिरी भुकटी आली. तीच गर्द. जुनी, सौम्य अफू कायद्याने अवघड झाली आणि नवी, तीव्र भुकटी गल्लीत सोपी झाली. एकीने दुसरीची वाट मोकळी केली असे काही अभ्यासक मानतात.

मराठी वाचकाला गर्दची ओळख करून दिली ती अनिल अवचट यांनी. त्यांचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याची धुरा डॉ. सुनंदा अवचट यांनी वाहिली. मुक्तांगणने मराठी समाजाला शिकवलेली मोठी गोष्ट म्हणजे व्यसनी माणूस हा गुन्हेगार नव्हे, रुग्ण आहे. हे वाक्य आज सोपे वाटते. १९८६ मध्ये, कायदा नुकताच कडक झालेला असताना, ते सोपे नव्हते.

त्या काळातला गर्दुल्ला बहुधा ‘चेस’ करणारा होता. सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदावर भुकटी ठेवायची, खालून काडी धरायची आणि धूर ओढायचा. फुप्फुसाचे, पोटाचे, संसाराचे हाल होत. पण रक्ताचा रक्ताशी संबंध येत नसे. १९९०च्या दशकात तो येऊ लागला. पुडीचा भाव वाढला, भुकटीत भेसळ वाढली, आणि बुप्रेनॉर्फिनसारख्या वेदनाशामकांची इंजेक्शने औषध-दुकानांतून मिळू लागली. धुरात निम्मा माल वाया जातो, शिरेत जात नाही, हा हिशेब गरिबाला लवकर कळतो. ‘टर्की’ सुरू झाली, म्हणजे अंमल उतरताना अंग मोडून यायला लागले, की तो नवी सुई शोधत बसत नाही. शेजारच्याची वापरतो. जवळ सिरिंज सापडली तर पोलीस धरतील या भीतीने तो ती बाळगतही नाही. सुई वाटून घेण्यामागे बेफिकिरीपेक्षा घाई, गरिबी आणि भीती जास्त होती.

नाव नसलेला विषाणू

मुक्तांगण सुरू झाले तेव्हा हेपटायटिस सी हे नाव अस्तित्वात नव्हते. १९७०च्या दशकात ए आणि बी या काविळींच्या चाचण्या आल्या. अमेरिकेत हार्वे ऑल्टर यांच्या लक्षात आले, की रक्त घेतल्यानंतर होणारी बरीचशी कावीळ या दोन्हींपैकी नाही. तिला ‘नॉन-ए, नॉन-बी’ असे नकारार्थी नाव पडले. आपल्याकडे याच नावाखाली दुसराच एक आजार होता : दूषित पाण्यातून साथीने येणारी कावीळ. दिल्लीतली १९५५-५६ची प्रचंड साथ त्यातली. तो हेपटायटिस ई. त्याच्या अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे काम मोलाचे आहे. रक्तातून पसरणारा विषाणू मात्र १९८९ मध्ये मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखला आणि तो ‘सी’ झाला. ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या विषाणूची चाल समजून घेतली तर आमच्या गावाची ‘कावीळ उलटली’ ही समजूत कुठे चुकते ते कळते. कावीळ म्हणजे डोळे पिवळे, अंग पिवळे, गळ्यात काविळीची माळ, पथ्याला ऊस आणि ताक. हेपटायटिस सी झालेल्या बहुतेकांचे डोळे सुरुवातीला पिवळे होतच नाहीत. दहांतल्या सात-आठ जणांत तो शरीरात मुक्काम करतो आणि वीस-तीस वर्षे यकृत हळूहळू निबर करत नेतो. पोटात पाणी होते, रक्ताची उलटी होते, कधी कर्करोग होतो, तेव्हा तो दिसतो. एचआयव्हीपेक्षा तो सुईतून सहज पसरतो. वापरलेल्या सिरिंजमध्ये कित्येक आठवडे तग धरू शकतो. नुसती सुईच नव्हे, औषध विरघळवायचे भांडे, पाणी, कापूस वाटून घेतला तरी पुरते. त्यावर लस आजही नाही.

भारतातल्या १५ शहरांत, सुईने अंमली पदार्थ घेणाऱ्या सुमारे साडेचौदा हजार जणांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी ३७ टक्क्यांच्या आसपास लोकांच्या रक्तात या विषाणूच्या खुणा होत्या. बहुतेकांना ते ठाऊकच नव्हते. केंद्र सरकारच्या २०१९च्या अहवालानुसार देशात सुईने अंमली पदार्थ घेणाऱ्यांची संख्या सुमारे साडेआठ लाख आहे आणि ती जास्त असलेल्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव आहे.

अब्रूदार सुई

इथे मला वडिलांच्या डब्याकडे परत यावे लागते. हेपटायटिस सी हा ‘गर्दुल्ल्यांचा रोग’ ही समजूत इतिहासात टिकत नाही. जगात या विषाणूचा सर्वांत मोठा प्रसार ज्या देशांत झाला त्यात इजिप्त पहिल्या ओळीत आहे, आणि तिथे तो सरकारी आरोग्य मोहिमेतून झाला. नाईल नदीकाठच्या शेतकऱ्यांना शिस्टोसोमियासिस हा परजीवी आजार होई. त्यावर १९५०च्या दशकापासून १९८०च्या सुरुवातीपर्यंत सरकारने लाखो लोकांना इंजेक्शने दिली. काचेच्या सिरिंजा, घाईने उकळलेल्या, पुन्हा पुन्हा वापरलेल्या. एक रोग घालवताना दुसरा पेरला गेला. पुढे याच इजिप्तने २०१८-१९ मध्ये सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी करून रोग आटोक्यात आणला.

आपल्याकडे व्यावसायिक रक्तदात्यांचा बाजार होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर, १९९८पासून तो बेकायदा ठरला. दान केलेल्या रक्ताची हेपटायटिस सीसाठी सक्तीची तपासणी सुरू झाली ती नव्या शतकाच्या तोंडावर. त्याआधी बाळंतपणात, अपघातात, थॅलेसेमियात रक्त घेतलेल्यांनी जोखीम नकळत पत्करली होती. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंजांमुळे हेपटायटिस बीची साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. त्याच दशकातल्या एका देशव्यापी पाहणीत तीनपैकी जवळपास दोन इंजेक्शने असुरक्षित आढळली होती.

माझ्या शाळासोबत्याच्या दंडातही वडिलांनी सुई टोचली असेल. माझ्या तर नक्कीच. त्याला विषाणू कुठल्या सुईने दिला हे कोणी सांगू शकत नाही. मुंबईतल्या सुईची शक्यता अधिक, हे मी नाकारत नाही. पण डॉक्टरच्या सुईने आजारी पडलेला तो बिचारा आणि पुलाखालच्या सुईने आजारी पडलेला तो लायकीचाच, हा निवाडा आपण केला, विषाणूने नव्हे.

चेन्नईतला निकाल

आता त्या चार लाखांकडे वळू. त्या काळी हेपटायटिस सीवर उपचार होता पेगिलेटेड इंटरफेरॉन आणि सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या. आठवड्याला एक इंजेक्शन, चोवीस ते अठ्ठेचाळीस आठवडे. ताप, अंगदुखी, केस गळणे, कमालीचे नैराश्य; आणि इतके सोसूनही बरे होण्याची खात्री नाही. सुईतून आलेला रोग, उपचारही सुईनेच.

भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, फक्त कृतीवर मिळे. त्यामुळेच आपल्या कंपन्या स्वस्त औषधे बनवू शकल्या. जागतिक व्यापार संघटनेच्या अटींनुसार १ जानेवारी २००५पासून पदार्थाचे पेटंट परत आले. या नव्या व्यवस्थेत औषधावरचे पहिले पेटंट २००६ मध्ये मिळाले ते हॉफमन-ला रोश या स्विस कंपनीच्या ‘पेगासिस’ला, म्हणजे नेमके याच इंटरफेरॉनला. मुंबईतल्या फुटपाथवरच्या माणसाच्या रोगावरचे औषध देशाच्या नव्या पेटंटयुगाचे पहिले औषध ठरले.

या पेटंटला आव्हान देणाऱ्यांत मुंबईची संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट ही संस्था होती. एल्ड्रेड टेलिस यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेली ही संस्था मुंबईतल्या रस्त्यावरच्या, सुईने अंमली पदार्थ घेणाऱ्या लोकांसाठी काम करते. तिची दिशा मुक्तांगणहून थोडी वेगळी. आधी व्यसन सोड, मग ये, असे ती म्हणत नाही. तू आज सोडू शकत नसशील तर निदान स्वच्छ सुई घे, जखम धुऊन घे, तपासणी कर. याला ‘हानी-न्यूनीकरण’ म्हणतात. जुन्या सुया घेऊन नव्या देण्याची ही कल्पना १९८४ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये पुढे आली ती अंमली पदार्थ घेणाऱ्यांच्याच संघटनेकडून, आणि तीही हेपटायटिस बीच्या भीतीने. आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, २००७ पासून, तिला सरकारी धोरणात मोठी जागा मिळाली.

संकल्पच्या कार्यकर्त्यांपुढचा पेच असा होता. २००४ पासून एचआयव्हीची औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली होती. त्यांच्याकडे येणाऱ्या अनेकांना एचआयव्ही आणि हेपटायटिस सी दोन्ही होते. एकाचे औषध फुकट आणि दुसऱ्याचे चार लाखांचे. एचआयव्हीतून वाचलेला माणूस यकृताने जात होता. म्हणून २००७ मध्ये संस्थेने पेटंटला विरोध नोंदवला. लॉयर्स कलेक्टिव्हच्या वकिलांनी बाजू मांडली. २००९ मध्ये पेटंट कार्यालयाने विरोध फेटाळला. संस्था चेन्नईच्या बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेली.

तिथे औषधाच्या रसायनशास्त्राआधी एक साधा प्रश्न उभा राहिला. कायद्यानुसार, मिळालेल्या पेटंटला ‘हितसंबंधित व्यक्ती’च विरोध करू शकते. हितसंबंध कोणाचा? त्या क्षेत्रात उद्योग वा संशोधन करणाऱ्याचा, असे कंपनीचे म्हणणे. रुग्णांसाठी काम करणाऱ्या, काहीही न बनवणाऱ्या संस्थेचा कसला हितसंबंध? न्यायमूर्ती प्रभा श्रीदेवन अध्यक्ष असलेल्या मंडळाने २ नोव्हेंबर २०१२ रोजी निकाल दिला. ज्यांना औषध लागते त्यांच्या समूहासाठी काम करणारी संस्था हितसंबंधित आहे, हे मंडळाने मान्य केले. इंटरफेरॉनला पॉलिमर जोडण्याची युक्ती त्या विषयातल्या जाणकाराला आधीच्या ज्ञानावरून सुचण्यासारखी होती, आणि कायद्याच्या कलम ३(ड)ला लागणारा उपचारातला वाढीव गुण सिद्ध झाला नाही, असे म्हणून पेटंट रद्द केले. ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधावरचा सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल त्यानंतर पाच महिन्यांनी आला. ग्लिव्हेकची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ही फारशी कोणाला नाही.

या निकालाने एका रात्रीत औषध स्वस्त झाले असे नाही. इंटरफेरॉनसारखे जैविक औषध बनवणे गोळी बनवण्याइतके सोपे नसते. शिवाय इंटरफेरॉनचे दिवसच भरत आले होते. पण ज्या माणसांची साक्ष पोलीसही सहसा ग्राह्य धरत नाहीत, त्यांच्या वतीने उभ्या राहिलेल्या संस्थेचे म्हणणे ऐकून घेतले गेले आणि खरे ठरले, याचे मोल वेगळे आहे. त्याआधी सुमारे दीड वर्ष, जून २०११ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्कच्या अर्जावर एनडीपीएस कायद्यातली अनिवार्य फाशीची तरतूद घटनाबाह्य ठरवली होती. गर्दुल्ल्यांसाठी काम करणाऱ्यांनी या दोन-तीन वर्षांत देशाच्या कायद्याला दोन धडे दिले.

गोळी आली

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफॉसबुव्हिर ही गोळी आली. दिवसाला एक, बारा आठवडे. सोबतीला दुसरी गोळी असली की शंभरातले नव्वदहून अधिक बरे. तिथे एका गोळीची किंमत हजार डॉलर, पूर्ण कोर्स ८४ हजार डॉलर. भारतात पेटंटचा वाद आणि कंपन्यांचे परवाने या दोन्ही वाटांनी २०१५ मध्ये २८ गोळ्यांची देशी बाटली वीस हजारांच्या आसपास आली आणि पुढे बरीच उतरली. पंजाबने २०१६ मध्ये मोफत उपचार सुरू केले. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तपासणी आणि उपचार मोफत.

एक अडसर राहिला होता तो डॉक्टरांच्या मनातला. गर्दुल्ला गोळ्या नियमित घेणार नाही, बरा झाला तरी पुन्हा सुई टोचून घेईल, मग त्याच्यावर औषध का घालवायचे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत याचे उत्तर दिले : सुईने अंमली पदार्थ घेणाऱ्या सर्वांचा उपचारासाठी विचार झाला पाहिजे. पुन्हा संसर्ग होऊ शकतो हे खरे. म्हणूनच गोळीबरोबर स्वच्छ सुई आणि जिभेखालची बुप्रेनॉर्फिनची गोळीही द्यावी लागते. ज्या औषधाच्या इंजेक्शनने कित्येक जण शिरेकडे वळले, त्याच औषधाची गोळी आज त्यांना शिरेपासून दूर ठेवते.

गेल्या वर्षी मी स्वतःची तपासणी करून घेतली. प्रयोगशाळेतल्या मुलीने कारण विचारले. “लहानपणी काचेच्या सिरिंजने पुष्कळ इंजेक्शने घेतली आहेत,” मी म्हणालो. तिने सहानुभूतीने मान हलवली आणि लिहून घेतले. माझ्या सोबत्याला हेच विचारले गेले असते आणि त्याने खरे सांगितले असते, तर तिची मान तशीच हलली असती का, हा विचार मनात आलाच. अहवाल निगेटिव्ह आला. त्यात माझे कर्तृत्व काही नाही. बाजाराच्या दिवशी रांगेत माझ्या पुढे कोण उभे होते, एवढाच तो प्रश्न.

नंतर मी त्याच्या भावाकडे गेलो. जमीन अजून आहे. यंदा सोयाबीन होते. मी त्याला सांगितले, की आता या रोगाचे औषध सरकारी कार्यक्रमात फुकट मिळते आणि तीन महिन्यांत माणूस बरा होतो. तो बराच वेळ बांधाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “तेव्हा तुम्ही विका म्हणाला असता तर मी विकली असती, मास्तर.”

तो ज्याचे उत्तर मागत होता, त्या प्रश्नात माझाही हितसंबंध होता. तेव्हा मला तो कळला नाही.